सामुदायिक ध्यान (गुरुकुंज मोझरी)

अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) १९३५ साली स्थापिलेल्या गुरुकुंज आश्रमातून वऱ्हाडभर रूढ झालेली उपासनापद्धती. पातंजल योगाचे सातवे अंग जे ध्यान, ते एकांतातील साधकापुरते न ठेवता गावाच्या नित्यक्रमात आणणे, हा तिचा विशेष आणि तीच तिची खरी थोरवी होय. पहाटे, कामाच्या रगाड्यास लागण्यापूर्वी, ताठ कण्याने व मिटल्या डोळ्यांनी बसलेला कास्तकार, कर्जाची विवंचना, भाऊबंदकीचा राग आणि पावसाची धास्ती मनात उठताच, त्यांच्यामागे न धावता, जणू त्यांची हजेरी घेतो. श्वास संथ होतो, आवळलेल्या मुठी सैलावतात. सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत तेच मन शेजाऱ्यांच्या स्वरात मिसळते. या बैठकीस जातिधर्माची अट नाही. पाटील व मजूर एकाच सतरंजीवर बसतात.