खण, खांब आणि घराची किंमत

आज आपण घराचा भाव चौरस फुटांत विचारतो. पेशवाईतल्या पुण्यात घर सांगायचे खणांत. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. तुळई किती लांब पेलेल यावर ती ठरायची, म्हणजे माप मुळात सुताराचं.

पण नुसत्या खणांनी वाड्याला मान येत नसे. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८०७च्या सुमारास उभा राहिला. सुरूच्या झाडासारखे घडवलेले त्याचे सागवानी खांब आणि महिरपी जरूर पाहा. भार पेलायला एवढं कोरीव काम लागत नाही. ते मालकाची ऐपत सांगायला. मला त्यात सुताराची ऐपत जास्त दिसते.

लाकडाला भीती आगीची. १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला. तट आणि जोती राहिली.

वाडा पाडताना मात्र हे लाकूड वाचतं, कारण खाचांत बसवलेले सांधे सोडवता येतात. कोथरूडचा मस्तानी महाल असाच उचलून केळकर संग्रहालयात पुन्हा उभा केलाय. बाकीचे कितीतरी खांब जुन्या बाजारातून हॉटेलांत, बंगल्यांत गेले. भाव चांगला येतो. तिथे ते कोपऱ्यात शोभेला उभे असतात, डोक्यावर तुळई नसते.