राहुल मंडल: अणुऊर्जा क्षेत्रातला संशोधक 'ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' कसा जिंकला?

30 ऑक्टोबर 2018 च्या रात्री ब्रिटनच्या चॅनल 4 वर 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ'ची फायनल दाखवण्यात आली. विजेता ठरला कोलकात्यात वाढलेला एक संशोधक. त्याने बेकिंग सुरू करून मोजकीच वर्षं झाली होती.

राहुल मंडल कोण आहेत?

राहुल 2010 मध्ये पीएचडीसाठी ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठात गेले. घरापासून दूर असताना तिथल्या एका ज्येष्ठ दांपत्याने त्यांना आपलंसं केलं. ब्रिटिश केकशी त्यांची ओळख याच घरात झाली.

पुढे ते रॉदरहॅमच्या न्यूक्लिअर एएमआरसी या संशोधन केंद्रात रुजू झाले. यंत्रांच्या भागांची मापं प्रकाशाच्या मदतीने अचूक तपासणं हा त्यांचा विषय. ओव्हनमध्ये काय प्रयोग केले, ते ऑफिसातल्या सहकाऱ्यांना चाखायला मिळायचं.

स्पर्धा कशी असते?

2010 मध्ये बीबीसीवर सुरू झालेला हा शो 2017 पासून चॅनल 4 वर आहे. यात फक्त हौशी बेकर भाग घेतात. 2018 मध्ये 12 स्पर्धक आणि 10 आठवडे होते. दर आठवड्याला तीन फेऱ्या असतात. त्यातल्या 'टेक्निकल' फेरीत काय बनवायचं, हे आधी माहीत नसतं. पॉल हॉलिवूड आणि प्रू लीथ परीक्षक होते. राहुल दोनदा 'स्टार बेकर' ठरले. तरीही प्रत्येक वेळी 'आपण आता बाहेर' असंच त्यांना वाटायचं. हा साधेपणा प्रेक्षकांना भावला.

फायनलमध्ये काय घडलं?

समोर रूबी भोगल आणि किम-जॉय होत्या. डोनट झाले, तंबूबाहेर शेकोटीवर पिटा ब्रेड भाजून झाले. शेवटच्या फेरीत उकाड्याने राहुल यांची काचेची बरणी फुटली आणि टेबलभर काचा पसरल्या. सगळं साफ करून त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली.

त्यांना 15 मिनिटं वाढवून मिळाली. हा बाकीच्यांवर अन्याय नाही का, असा वाद सोशल मीडियावर रंगला. पण वाया गेलेला वेळच त्यांना परत मिळाला होता. अन्नात काच गेली असती, तर ते परीक्षकांना देताच आलं नसतं. अखेर राहुल यांनी खाता येईल असं 'रॉक गार्डन' उभं केलं आणि ते जिंकले.

बक्षीस काय मिळालं?

केक स्टँड आणि फुलं. रोख रक्कम नाही! या शोच्या विजेत्यांना पैसा मिळतो तो पुढच्या कामातून. 2015 ची विजेती नादिया हुसेन पूर्णवेळ टीव्ही आणि पुस्तकांकडे वळली. राहुल यांनी मात्र विजयानंतरही संशोधनाची नोकरी सोडली नाही. बेकिंग त्यांनी तिच्या जोडीने चालू ठेवलं.

आपल्याकडे छंद म्हटलं की 'यातून पुढे काय?' हा प्रश्न ठरलेला असतो. राहुल यांच्यापुरतं उत्तर सोपं होतं: परक्या गावात केकमुळे माणसं जोडली गेली.