छातीचे चित्र आणि त्याचा वाचक

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीला भिडलेले तालुके. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला.) भाटघरच्या जलाशयापलीकडील वाड्या, तोरण्याच्या पायथ्याची वस्ती, वरंधा घाटाकडे चढत जाणारी गावे. येथे पावसाळ्यात खोकल्याने बेजार झालेल्या माणसाला डॉक्टरपर्यंत पोहोचणे हाच मोठा प्रवास होय. पुणे शहर या डोंगरांपासून फारसे दूर नाही. शहरातला तज्ज्ञ मात्र दूर आहे.

हे अंतर कसे मिटवावे, याचा विचार स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ज्या समितीने केला, तिचे नावही भोर समितीच! अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म १८७८ साली नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या बिशप्स हायस्कुलात व डेक्कन कॉलेजात. तालुक्याशी त्यांचे नाव जोडण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा. १९४६ च्या त्यांच्या अहवालाने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली: आरंभी ४०,००० लोकांमागे एक. पुढे डोंगराळ भागासाठी २०,००० हा निकष ठरला. केंद्रे उभी राहिली. क्ष-किरणचित्र वाचणारा तज्ज्ञ काही डोंगर चढून आला नाही.

क्षयरोगाच्या इतिहासात ही उणीव जुनीच आहे. राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले. १९३६ साली ब्राझीलच्या मानुएल दि आब्रेऊ यांनी लहान फिल्मवर असंख्य लोकांच्या छातीची चित्रे झटपट व स्वस्तात घेण्याची रीत काढली. चित्रे ढिगाने निघू लागली. वाचणारे डोळे मात्र थोडेच राहिले, आणि थकलेले डोळे चुकतात.

त्या डोळ्यांच्या मदतीला आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. रोग्यांची व निरोग्यांची असंख्य चित्रे संगणकाला दाखवली जातात. त्यांतील खुणा तो हेरतो आणि नव्या चित्राला गुण देतो. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयचाचणीत तज्ज्ञाऐवजी असा संगणक चालेल, हे मान्य केले. तेव्हा पारखलेल्या तीन प्रणालींपैकी एक मुंबईच्या क्यूअर डॉट एआय या कंपनीची होती. ७ डिसेंबर २०२४ रोजी देशात सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत, हातात नेता येणारी क्ष-किरण यंत्रे या संगणकाच्या जोडीने वापरली गेली. असे यंत्र रस्ता संपल्यावर खांद्यावरूनही वाडीत नेता येते. डोंगरी तालुक्यांच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

तथापि गुणांची रेषा कोठे आखावी, हे माणूसच ठरवतो. रेषा वर नेली की रोगी निसटतो. खाली आणली की निरोगी माणूस थुंकीच्या तपासणीसाठी नाहक खेपा घालतो आणि त्याची मजुरी बुडते. शिवाय पूर्वी क्षय होऊन बऱ्या झालेल्यांच्या फुप्फुसांतील व्रणांना यंत्र पुष्कळदा नवा रोग समजते. म्हणून यंत्राचा कौल म्हणजे निदान नव्हे. त्यानंतर थुंकीची तपासणी व्हावी लागते, आणि रोग आढळला तर सामान्यतः सहा महिने औषध. अमक्याने मागे क्षयाची औषधे घेतली होती, हे वाडीतल्या आशाताईला ठाऊक असते, संगणकाला नसते. तिची ही माहिती चित्रासोबत नोंदवली जाते किंवा नाही, हे भोर-वेल्ह्याच्या ग्रामसभांनी विचारायला हवे.