वाटाण्याचा वेल आणि आठ बाय आठ ठिपके

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रातला वाटाण्याच्या वेलाचा प्रसंग आपण वर्गात जिद्दीचा दाखला म्हणून सांगतो. माझ्या मते तो जिद्दीपेक्षा हिशेबाचा प्रसंग आहे. आणि हे मला चरित्र वाचून नव्हे, तर एका पोरकट समजल्या जाणाऱ्या छंदामुळे उमगले.

छंद असा, की जुन्या धाटणीचे व्हिडिओ गेम स्वतः तयार करायचे. १९८३ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'फॅमिकॉम' हे यंत्र काढले. नव्वदच्या दशकात त्याच्या स्वस्त नकला आपल्याकडे आल्या. टीव्हीला जोडून कॅसेट खोचायची, हा प्रकार माझ्या पिढीला आठवत असेल. त्या यंत्राची कामापुरती मेमरी अवघी २ किलोबाइट. हा लेखसुद्धा तीत मावायचा नाही! हलत्या आकृत्या ८ बाय ८ ठिपक्यांच्या तुकड्यांतून जुळवायच्या, एका तुकड्याला तीनच रंग, आणि एका आडव्या रेषेत आठांहून अधिक तुकडे आले तर नववा दिसतच नाही.

मराठी शिकवणारा मनुष्य या भानगडीत का पडला, हे कृपया विचारू नये. उत्तरपत्रिका तपासून झाल्या की रात्री तासभर बसतो, इतकेच. एका माणसाला चार पावले चालायला लावण्यात माझे तीन आठवडे गेले. तिसऱ्या चित्रात पाय एक ठिपका पुढे सरकला की तो लंगडतो. लंगडणे थांबवावे तर जमिनीतून आरपार खाली कोसळतो. दोनदा मी सगळे पुसून टाकण्याच्या बेतात होतो. त्याच दिवसांत फाळक्यांचा वाटाणा पुन्हा आठवला.

फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. १९११ मध्ये मुंबईत, गिरगावात, त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पुढे या विद्येच्या अभ्यासाने डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टी गेली. ती उपचारांनी परत आली. १९१२ च्या आरंभी ते लंडनला जाऊन आले, कॅमेरा आणला, पण भांडवल नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा मांडला. महिन्याहून अधिक काळ चाललेल्या या खटाटोपातून 'अंकुराची वाढ' ही मिनिटभराची फिल्म तयार झाली.

रोज एक चौकट टिपली, असे सांगण्याची प्रथा आहे. पण मूकपट सेकंदाला सुमारे १६ चौकटींनी चालत. तीस दिवसांच्या तीस चौकटी दोन सेकंदांच्या आत संपतील. मिनिटभराच्या फिल्मला साडेनऊशेच्या वर चौकटी लागतात. म्हणजे रोज तीसेक, दिवसाउजेडी साधारण दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक. आख्यायिकेतल्या धीरापेक्षा हा धीर कितीतरी कंटाळवाणा आहे. दोन चौकटींच्या मध्ये वेल वाढल्याचे डोळ्यांना कळणारच नसते. वाढ दिसत नाही म्हणून हताश व्हायचे, तर पहिल्या दिवशी दुपारीच व्हावे लागेल. फाळक्यांनी वाढीची वाट पाहिली नाही, पुढच्या चौकटीची पाहिली.

शिवाय हा धीर एकट्याचा नव्हता. कोऱ्या फिल्मला अंधारात छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत असत. आपण श्रेय वाटतो तेव्हा हे काम कुठल्या कुठे जाते. माझ्याही घरी रात्रीचा तो तास मला कुणीतरी मोकळा करून देते. अर्पणपत्रिकेत नाव घालून तो फिटेल असे वाटत नाही.

१९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, आणि त्याच साली फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. १९१५ सालची त्यांची एक छोटी फिल्म आहे, 'आगकाड्यांची मौज'. काडी किंचित सरकवायची, चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. पडद्यावर काड्या आपणहून हालतात. माझ्या चालत्या माणसाची खरी पूर्वज हीच. ही फिल्म आज उपलब्ध नाही, त्यामुळे फाळक्यांची काडी कधी लंगडली का, ते पाहायची सोय उरलेली नाही. माझा माणूस आता बरा चालतो. उडीचे काम कालपासून हाती घेतले आहे.