भरतीची वेळ

गेल्या आषाढात एका ओळखीच्या कंत्राटदाराने मला रे रोडला बोलावून घेतलं. फायबर टाकण्याचं काम त्याला मिळालं होतं, बंदराच्या बाजूने शिवडीपर्यंत, आणि त्यासाठी इंजिनिअर नेमायचा होता. "काका, चार पोरं येणारेत. तुम्ही नुसतं बसा आणि कुठला बरा ते सांगा." त्याचं ऑफिस दारूखान्यात, लोखंडाच्या गोदामाच्या पोटमाळ्यावर. खाली गॅस कटरचा फुसफुसाट, वर टेबल, पंखा आणि पाच खुर्च्या. जाहिरातीचा कागद त्याने मला दाखवला: टेलिकॉमचा डिप्लोमा किंवा बीई, दोन वर्षांचा अनुभव, स्वतःची मोटारसायकल असणं आवश्यक. मोटारसायकलीची अट मी दोनदा वाचली.

चारही मुलांना मी एकच प्रश्न विचारायचं ठरवलं होतं. आज तिथी कोणती?

कंत्राटदार हसला. त्याला वाटलं, म्हातारा मुहूर्त बघतोय.

माझा जन्म घोडपदेवचा. लहानपणी वारा पूर्वेकडून आला की ब्रिटानियाच्या कारखान्यातल्या बिस्किटांचा वास चाळीत शिरायचा आणि वारा फिरला की खाडीचा. दारूखाना म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांत वेगळीच चमक येते. त्याला सांगावं लागतं की बाबा, ही बंदुकीची दारू, इंग्रजांच्या काळातल्या कारखान्याची. आता तिथे जहाजं तोडतात. जुनी 'विक्रांत' ही आपली विमानवाहू युद्धनौकासुद्धा 2014 मध्ये तिथेच तोडायला घेतली. आणि हल्ली रे रोडला 'केबल कुठे आहे' असं विचारलं तर लोक वर बोट दाखवतात, कारण 2025 मध्ये खुला झालेला नवा पूल तारांवर तोललेला आहे. आमची टेलिफोनची केबल जमिनीखाली. तिच्याकडे बोट दाखवणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत.

ज्याच्या नावाने हा रस्ता आहे तो लॉर्ड रे 1885 ते 1890 मुंबईचा गव्हर्नर होता. घराणं स्कॉटिश, पण जन्म हॉलंडमधल्या हेगचा. समुद्र मागे हटवून उभ्या केलेल्या देशात जन्मलेल्या माणसाचं नाव मुंबईतल्या अशाच भागाला मिळावं, याची मला गंमत वाटते. रस्त्याच्या पूर्वेची बरीचशी जमीन ही मूळची जमीनच नव्हे. पोर्ट ट्रस्टने 1908 ते 1912 या काळात माझगाव ते शिवडीपर्यंत भराव घालून 583 एकर जागा काढली. काम चालू असतानाच, 12 डिसेंबर 1910 ला, कुर्ला ते रे रोड ही हार्बरची गाडी सुरू झाली. भरावाची जमीन तुम्ही कितीही दाबा, खालून समुद्र आपली वेळ पाळतोच.

या रे साहेबाला तंत्रशिक्षणाचं वेड होतं. पुण्याचं महात्मा फुले वस्तुसंग्रहालय मुळात त्याच्या नावाचं औद्योगिक संग्रहालय. त्याच्याच कारकिर्दीत 1887 मध्ये व्हीजेटीआय निघालं, तेही आधी भायखळ्याला, म्हणजे रे रोडहून चालत जाण्याच्या अंतरावर. माटुंग्याला ते 1923 मध्ये गेलं. मी तिथलाच डिप्लोमावाला, म्हणून हे पाठ आहे.

पण कॉलेज निघालं म्हणून तारेच्या कामाला आपली मुलं लगेच लागली, असं नाही. तारखात्याची सुरुवात मोठी मजेशीर आहे. 1850 च्या सुमारास कलकत्त्यापासून डायमंड हार्बरपर्यंत पहिली तार ओढली ती ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने. मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा माणूस. नेमायला इंजिनिअरच नव्हता, कारण तो धंदाच अजून जन्मला नव्हता. मग त्याने टांकसाळीत काम करणारा शिवचंद्र नंदी हा बंगाली तरुण हाताशी धरला, त्याला शिकवलं, आणि डायमंड हार्बरहून पहिला संदेश या नंदीने पाठवला. 1854 मध्ये मुंबई-कलकत्ता तार सुरू झाली. म्हणजे या देशातला पहिला दूरसंचार इंजिनिअर मुलाखतीतून निवडलेला नाही, कामातून घडलेला आहे. हे मी कंत्राटदाराला सांगितलं. तो म्हणाला, "काका, तेव्हा टेंडर नसायचं."

पुढे खातं मोठं झालं तसा दरवाजा लहान झाला. इंग्लंडात कूपर्स हिल इथे 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला खास हिंदुस्थानच्या नोकरीसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं आणि 1906 पर्यंत बांधकाम खात्याचे आणि तारखात्याचेही साहेब तिथून तयार होऊन बोटीने यायचे. भायखळ्याचं पोरगं कितीही हुशार असलं तरी त्याला खांबावर चढायला मिळायचं, नकाशावर सही करायला नाही. टेलिफोन तर सरकारी नव्हताच. 28 जानेवारी 1882 ला मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे एकाच दिवशी एक्स्चेंज सुरू झाली ती खासगी कंपनीची. मुंबईचा टेलिफोन सरकारने विकत घेतला 1 एप्रिल 1943 ला, महायुद्धाच्या ऐन भरात. त्याच्या आदल्याच वर्षी जबलपूरला खात्याचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं होतं. तारेचं काम जाणणारी माणसं युद्धाला हवी होती आणि ती विलायतेहून मागवायला बोटी सुरक्षित नव्हत्या.

माझी भरती 1976 ची. आमच्या पदाला जुनी माणसं अजून 'इंजिनिअरिंग सुपरवायझर' म्हणायची, कागदावर ज्युनिअर इंजिनिअर, पुढे त्याचंच जेटीओ (ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसर) झालं. अर्ज केल्यापासून रजिस्टर पोस्टाने पत्र येईपर्यंत चौदा महिने गेले. मार्कांची यादी, पोलिसांची चौकशी (हवालदार चाळीत आला तेव्हा आईला वाटलं, मी काहीतरी केलंय), मग मेडिकल. मेडिकलमध्ये रंगीत ठिपक्यांची पुस्तिका समोर धरायचे. केबलमधल्या तारा रंगांवरून ओळखायच्या असतात, म्हणून डोळ्यांना रंग कळलाच पाहिजे. माझ्यापुढचा मुलगा, मार्कांत माझ्या वर, त्या ठिपक्यांत आकडा दिसला नाही म्हणून तिथूनच परत गेला. त्याचा चेहरा अजून आठवतो. मग जबलपूर. शिशाच्या केबलचा जोड करायला तिथे शिकलो. आतल्या कागदी तारा एकेक जुळवायच्या, वरून शिशाची नळी सरकवायची आणि वितळलेला जोडधातू कापडाने पुसत पुसत गोल बसवायचा. हात भाजले नाहीत तर शिकलाच नाही, असं मास्तर म्हणायचे.

एवढं करून मी बॉम्बे टेलिफोन्समध्ये रुजू झालो आणि 1978 च्या पावसाळ्यात रे रोडने माझी खरी परीक्षा घेतली.

दारूखान्याकडे जाणारी एक केबल आजारी पडली. लोखंडवाल्यांचे, बंदरातल्या वखारींचे फोन. तक्रार आली की आम्ही जायचो, सुई लावायचो, बऱ्याच जोड्या ठीक दिसायच्या. आम्ही पाठ फिरवली की पुन्हा खरखर, पुन्हा बंद. चार दिवस मी पिलरशी, म्हणजे रस्त्याकडेच्या केबलच्या पेटीशी, बसून होतो. आमचे मुकादम हे सगळं तंबाखू मळत बघत होते. माण तालुक्यातून बहात्तरच्या दुष्काळात मुंबईला आलेला माणूस, सातवीपर्यंत शाळा. पाचव्या दिवशी म्हणाले, "साहेब, तक्रारवहीतली येळ बघा की."

मी वेळा लिहून काढल्या. रोज तक्रार येत होती, पण रोज पाऊणेक तास उशिरा.

"भरतीला मरतीय," मुकादम म्हणाले. "पाणी चढलं की जोडात जातंय. तुमी ओहोटीला मोजताय, मग काय घावणार?" आणि त्यांनी मला ते गणित शिकवलं जे जबलपूरला कुणी शिकवलं नव्हतं आणि किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळ्याला येतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला पूर्ण भरती तीनला, अष्टमीला सहाला, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. दिवसातून दोनदा. त्यातही पुनवेचं-अवसेचं उधाण मोठं. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी मरगळलेलं. माझ्या खिशात स्लाइड रूल होती. त्यांच्याजवळ पंचांगही नव्हतं, तिथी डोक्यात.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेला ब्रिज मेगर लावला. दोष सापडला, पिलरपासून 212 मीटर. मी टेप धरून निघालो, खडूने फुली मारली. मुकादम फुलीपाशी थांबलेच नाहीत. मागे फिरले आणि पंधरा-सोळा पावलं अलीकडे पहार टेकवून उभे राहिले. "हितं खणा. वळणावर केबलीची गुंडाळी पुरलीय, पुढं लागंल म्हणून. मीच पुरली व्हती." नकाशात गुंडाळी नव्हती. मेगर केबलची लांबी मोजतो, रस्त्याची नाही. पुरलेली गुंडाळी त्याच्या लेखी रस्ताच. आम्ही मुकादमांच्या पहारेपाशी खणलं. जोड तिथेच होता, फुटलेला, आत खारं पाणी.

हा माणूस तेव्हा रोजंदारीवर होता. मला नेमायला चौदा महिने आणि सात-आठ शिक्के लागले होते, त्यांना नेमायला एक हाक. खड्डा आहे तोवर हजेरी. मुंबईभर असे हजारो होते, माण-खटावचे, मराठवाड्याचे, तेलंगणातल्या महबूबनगरकडचे. मजूर संघटनांनी हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात नेला. 27 ऑक्टोबर 1987 ला निकाल लागला की पोस्ट आणि तार खात्यातल्या रोजंदारांना त्या कामावरच्या कायम माणसाइतकं किमान वेतन द्या, आणि वर्षाहून जास्त सलग राबलेल्यांना सामावून घेण्याची योजना करा. 1989 मध्ये टेलिकॉम खात्याने ती योजना काढली. त्या निकालाची सायक्लोस्टाइल प्रत मुकादमांनी माझ्याकडून वाचून घेतली होती, सबंध. इंग्रजी वाक्य झालं की मी मराठी सांगायचो आणि ते "पुढं" म्हणायचे. यथावकाश ते कायम झाले. दूरसंचाराचा इतिहास लिहिणारे एक्स्चेंजच्या उद्घाटनांच्या तारखा देतात. मला विचाराल तर या तारखेचं वजन त्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे.

नंतरचं भराभर सांगतो. 1986 मध्ये मुंबई-दिल्लीचे टेलिफोन एमटीएनएलकडे गेले. शिशाच्या जागी जेली भरलेली केबल आली, मग काचेची तार. 1995 मध्ये मुंबईत मोबाइल आला आणि आमच्या चाळीच्या गच्चीवर कुणाचा टॉवर बसवायचा यावर दोन मीटिंगा होऊन तिसरीत मारामारी झाली. 2013 मध्ये मी निवृत्त झालो, त्याच जुलैत तारसेवा बंद झाली. 31 जानेवारी 2020 ला बीएसएनएल आणि एमटीएनएल मिळून सुमारे 92 हजार माणसांनी एका दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कुठली गुंडाळी कुठे पुरली आहे हे त्यातल्या कितीजणांना ठाऊक होतं, ते मोजायचा तक्ता कुठल्याच फॉर्मात नव्हता.

मधल्या काळात झालं ते एवढंच: मुकादम रोजंदारीच्या मस्टरवरून सुटले आणि इंजिनिअर मस्टरवर आला. आता कंपनी काम देते, घेणारा ते दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा पोटमाळ्यावर चार खुर्च्या मांडून जाहिरात काढतो. पगार महिन्याचा म्हणतात, पण हिशेब किती मीटर झालं त्यावर. जबलपूर नाही, ठिपक्यांची पुस्तिका नाही. पोर्ट अथॉरिटीची परवानगी, रेल्वेची परवानगी, पालिकेची परवानगी यांसाठी फिरायला मोटारसायकल मात्र हवी.

तर मुलाखती. पहिल्याने तिथीच्या प्रश्नाला मोबाइल काढला. दुसरा म्हणाला, "सर, मी या गोष्टी मानत नाही." त्याचं बरोबरच होतं, पण ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिसरा, जालन्याचा, पटकन म्हणाला, "संकष्टी, सर. आईचा उपास असतो." चौथा आलाच नाही.

"मग आज इथे भरती कधी?" मी जालनेकराला विचारलं.

"माहीत नाही सर. आमच्याकडे समुद्र नाही. पण तिथीवरून काढता येते का? कशी?"

मी पाऊणपट सांगितली. त्याने मनातल्या मनात आकडा केला, घड्याळाकडे बघितलं. पावणेतीन वाजले होते. तो खिडकीपाशी गेला. खालच्या गटारात पाणी उलटं चालू लागलं होतं, बंदराकडून रस्त्याकडे.

"अरे, पण फायबरला पाण्याने काय होतं?" कंत्राटदार म्हणाला. "काच आहे ती."

"काचेला काही होत नाही," मी म्हटलं. "पण चेंबरमध्ये उतरून जोड करायचाय तो माणसाने. भरतीला उतरवलास तर कंबरभर पाण्यात मशीन डोक्यावर धरून उभा राहील."

कंत्राटदाराने विचार केला, मला पटलं म्हणून नव्हे, मशीन महाग म्हणून. जालन्याचा मुलगा पंधरा दिवसांनी रुजू झाला. नियुक्तिपत्र अकरा महिन्यांचं आहे.