जॉर्ज लमेत्र

जॉर्ज आंरी जोसेफ एदुआर लमेत्र (१७ जुलै, इ.स. १८९४ - २० जून, इ.स. १९६६) हे बेल्जियमचे गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ, विश्वस्थितिशास्त्रज्ञ आणि रोमन कॅथोलिक धर्मगुरू होते. विश्व प्रसरण पावत आहे, हा निष्कर्ष त्यांनी १९२७ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत आणि दीर्घिकांची निरीक्षणे यांची सांगड घालून मांडला. १९३१ मध्ये त्यांनी विश्वाचा आरंभ एका अतिघन ‘आद्य अणू’पासून झाला असावा, अशी कल्पना प्रसिद्ध केली. पुढे महास्फोट सिद्धांत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विचाराचे ते पहिले रूप मानले जाते. धर्मगुरूचे व्रत आणि संशोधकाचे काम ही दोन्ही त्यांनी सुमारे चार दशके सांभाळली. मात्र एकाच्या आधारे दुसरे सिद्ध करण्यास त्यांनी सातत्याने विरोध केला.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

लमेत्र यांचा जन्म बेल्जियममधील शार्लरवा या औद्योगिक शहरात झाला. चार भावंडांत ते थोरले होते. त्यांचे शालेय शिक्षण येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत झाले. १९१० मध्ये कुटुंब ब्रुसेल्सला स्थलांतरित झाले आणि १९११ मध्ये लमेत्र यांनी लूवाँ येथील कॅथोलिक विद्यापीठात अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. १९१४ मध्ये जर्मनीने बेल्जियमवर आक्रमण केल्यावर ते स्वयंसेवक म्हणून सैन्यात दाखल झाले. युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना ‘क्रवा द गेर’ हे शौर्यपदक मिळाले.

युद्धानंतर त्यांनी अभियांत्रिकी सोडून गणित आणि भौतिकशास्त्राकडे मोर्चा वळवला. गणितज्ञ शार्ल द ला व्हाले-पूसँ यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९२० मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी ते मेकेलेन येथील धर्मगुरूंच्या प्रशिक्षणालयात दाखल झाले. प्रशिक्षणाच्या काळात त्यांनी आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांताचा अभ्यास चालू ठेवला. २२ सप्टेंबर १९२३ रोजी कार्डिनल मर्सिये यांच्या हस्ते त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. मर्सिये यांनी स्थापन केलेल्या ‘येशूचे मित्र’ या धर्मगुरूंच्या बंधुसंघाचे ते सदस्य होते.

केंब्रिज आणि अमेरिका

दीक्षेनंतर लगेच लमेत्र इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात आर्थर एडिंग्टन यांच्याकडे गेले. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी आइन्स्टाइन यांच्या भाकिताची पडताळणी करणारे एडिंग्टन हे स्वतः क्वेकर पंथाचे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. १९२४-२५ मध्ये लमेत्र यांनी अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत हार्लो शॅप्ली यांच्यासोबत काम केले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत पीएच.डी.साठी नोंदणी केली. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ दूरच्या अभ्रिकांच्या ताम्रसृतीची आणि अंतरांची मापने त्या काळात करत होते. या मापनांशी जवळून झालेला परिचय त्यांच्या पुढील कार्याला निर्णायक ठरला. १९२५ मध्ये ते लूवाँला अध्यापक म्हणून परतले आणि १९२७ मध्ये प्राध्यापक झाले.

प्रसरणशील विश्व

आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये आपली समीकरणे संपूर्ण विश्वाला लावली, तेव्हा विश्व स्थिर आहे असे त्यांनी गृहीत धरले होते. ही स्थिरता टिकवण्यासाठी त्यांनी समीकरणांत ‘वैश्विक स्थिरांक’ नावाचे पद जोडले. रशियन गणितज्ञ अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये दाखवले की, या समीकरणांना काळानुसार बदलणाऱ्या विश्वाची उत्तरेही आहेत. लमेत्र यांना हे कार्य ठाऊक नव्हते. ते स्वतंत्रपणे त्याच गणितापर्यंत पोहोचले, परंतु एक पाऊल पुढे जाऊन त्यांनी त्याची निरीक्षणांशी तुलना केली.

१९२७ मध्ये ब्रुसेल्सच्या वैज्ञानिक संस्थेच्या वार्षिकात त्यांचा फ्रेंच भाषेतील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अवकाश स्वतःच ताणले जात असल्यामुळे दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जाताना दिसतात आणि त्यांचा वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे त्यात सिद्ध केले होते. ४२ दीर्घिकांच्या माहितीवरून त्यांनी या प्रमाणाचे मूल्य दर मेगॅपारसेकला सेकंदाला सुमारे ६२५ किलोमीटर इतके काढले. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये निरीक्षणांतून काढलेले मूल्य सुमारे ५०० होते. आजचे मान्य मूल्य ७० च्या आसपास आहे. दोघांच्या आकड्यांतील ही मोठी चूक त्या काळी वापरात असलेल्या, प्रत्यक्षापेक्षा बऱ्याच कमी अंतरांमुळे झाली होती.

या निबंधाकडे सुरुवातीला फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्रुसेल्स येथील सॉल्व्हे परिषदेच्या वेळी आइन्स्टाइन लमेत्र यांना भेटले. गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने कल्पना घृणास्पद आहे, अशा आशयाचे मत त्यांनी व्यक्त केल्याची आठवण लमेत्र यांनी नंतर सांगितली. फ्रीडमन यांच्या कार्याची माहितीही त्यांना याच भेटीत मिळाली. १९३० मध्ये लमेत्र यांनी एडिंग्टन यांना आपल्या निबंधाची आठवण करून दिली. एडिंग्टन यांच्या पुढाकाराने मार्च १९३१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले.

या भाषांतरात प्रसरणाच्या दराची आकडेमोड असलेला भाग गाळलेला होता. हबल यांचे श्रेय अबाधित राहावे म्हणून तो दुसऱ्या कोणी वगळला असावा, असा संशय पुढे व्यक्त झाला. २०११ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मारिओ लिव्हिओ यांनी पत्रव्यवहाराच्या आधारे दाखवून दिले की, भाषांतर स्वतः लमेत्र यांनीच केले होते आणि हबल यांची मापने प्रसिद्ध झालेली असल्यामुळे तो भाग पुन्हा छापण्याची गरज त्यांना वाटली नव्हती.

आद्य अणू

१९२७ च्या प्रतिकृतीतील विश्वाला आरंभ नव्हता. ते अनंत भूतकाळातील स्थिर अवस्थेतून हळूहळू प्रसरण पावू लागते, असे त्यात मानले होते. आरंभाची कल्पना लमेत्र यांनी चार वर्षांनंतर मांडली आणि ती एडिंग्टन यांना दिलेले उत्तर होते. निसर्गाच्या वर्तमान क्रमाला एखादा आरंभ असावा ही कल्पना आपल्याला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने अप्रिय वाटते, असे एडिंग्टन यांनी १९३१ च्या प्रारंभी म्हटले होते. ९ मे १९३१ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात लमेत्र यांचे छोटे पत्र छापून आले. पुंजसिद्धांतानुसार विश्वातील ऊर्जा भूतकाळात मागे जावे तशी कमीत कमी पुंजांत एकवटलेली असली पाहिजे. सर्व ऊर्जा एकाच पुंजात असताना अवकाश आणि काळ या संकल्पनांनाच अर्थ राहत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या एका ‘अणू’च्या विघटनातून विश्व निर्माण झाले, असे त्यांनी सुचवले.

ही कल्पना आजच्या सिद्धांताशी तंतोतंत जुळत नाही. लमेत्र यांच्या मते विश्वकिरण हे आद्य अणूच्या विघटनाचे अवशेष होते. ते मत पुढे टिकले नाही. जड अणूपासून हलके अणू निर्माण झाले, ही त्यांची दिशाही उलटी ठरली. अतितप्त आरंभ आणि हलक्या अणुकेंद्रकांची जडणघडण हा भाग १९४० च्या दशकात जॉर्ज गॅमो व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केला.

विज्ञान आणि श्रद्धा

विश्वाला आरंभ आहे असे सांगणारा संशोधक धर्मगुरू असल्यामुळे, ‘उत्पत्ती’च्या कथेला शास्त्राचा पोशाख चढवल्याचा आरोप लमेत्र यांच्यावर झाला. त्यांच्या वैचारिक प्रवासात असा एक टप्पा होता. प्रशिक्षणालयात असताना, १९२१ च्या सुमारास, त्यांनी बायबलमधील प्रकाशाच्या निर्मितीचा भौतिकशास्त्राच्या अंगाने अर्थ लावणारे टिपण लिहिले होते. मात्र पुढील काळात त्यांनी ही पद्धत पूर्णपणे सोडून दिली. बायबलच्या लेखकांना तारणाच्या प्रश्नाविषयी ज्ञान होते, परंतु निसर्गाविषयी त्यांना त्यांच्या समकालीनांपेक्षा अधिक माहिती नव्हती, असे मत त्यांनी १९३० च्या दशकात मांडले. सत्याकडे जाणारे दोन मार्ग आहेत आणि आपण दोन्ही अनुसरायचे ठरवले, असे ते सांगत.

‘नेचर’मधील पत्राच्या टंकलिखित मसुद्यात शेवटी ईश्वराचा उल्लेख करणारा एक परिच्छेद होता. ईश्वर हा मूलतः गुप्त आहे आणि भौतिकशास्त्रही निर्मितीवर पडदाच टाकते, असा त्याचा आशय होता. छपाईपूर्वी लमेत्र यांनी तो परिच्छेद खोडून टाकला. विश्वाचा भौतिक ‘आरंभ’ आणि धर्मशास्त्रातील ‘निर्मिती’ या त्यांच्या दृष्टीने भिन्न गोष्टी होत्या. पहिली गोष्ट समीकरणांच्या कक्षेत येते, दुसरी येत नाही. संशोधन करताना श्रद्धाळू आणि अश्रद्ध व्यक्ती एकाच पद्धतीने काम करतात. कोड्याला उत्तर आहे एवढा विश्वास श्रद्धाळूला असतो, इतकाच फरक त्यांनी मान्य केला.

आरंभाची कल्पना नाकारू पाहणारे एडिंग्टन हेही श्रद्धाळू ख्रिस्ती होते. त्यामुळे या वादाची विभागणी धार्मिक आणि अधार्मिक अशी सरळ करता येत नाही.

पोप पायस बारावे यांचे भाषण

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी पोपच्या विज्ञान अकादमीसमोर भाषण केले. आधुनिक विज्ञान काळाच्या आरंभी झालेल्या निर्मितीची जणू साक्ष देत आहे, असा त्याचा सूर होता. १९३६ पासून अकादमीचे सदस्य असलेल्या लमेत्र यांना हे विधान अस्वस्थ करणारे वाटले. त्यांच्या मते सिद्धांत अजून गृहीतकाच्या पातळीवर होता आणि तो उद्या चुकीचा ठरल्यास श्रद्धेलाही धक्का बसला असता. दुसरीकडे, या भाषणामुळे सिद्धांतावरील धार्मिकतेचा आरोप बळावत होता.

व्रतबद्ध धर्मगुरूने पोपच्या मताला उघड विरोध करणे अवघड होते. लमेत्र यांनी व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक डॅनियल ओ’कॉनेल यांच्याशी विचारविनिमय करून आपली चिंता कळवली. सप्टेंबर १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या रोम येथील अधिवेशनानिमित्त पोपनी खगोलशास्त्रज्ञांसमोर भाषण केले, तेव्हा त्यांनी हा दावा पुन्हा केला नाही. याचे श्रेय सामान्यतः लमेत्र आणि ओ’कॉनेल यांना दिले जाते. १९५८ च्या सॉल्व्हे परिषदेत लमेत्र यांनी आपली भूमिका जाहीरपणे स्पष्ट केली. आपला सिद्धांत कोणत्याही आध्यात्मिक किंवा धार्मिक प्रश्नाच्या बाहेरचा आहे. जडवाद्याला त्यातून ईश्वर नाकारण्याची मोकळीक राहते आणि श्रद्धाळूला त्यातून ईश्वराशी सलगीचा दावा करता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

टीका आणि पर्यायी सिद्धांत

१९४८ मध्ये हर्मन बाँडी, टॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉईल यांनी स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला. त्यानुसार विश्व प्रसरण पावत असले, तरी नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्यामुळे त्याला आरंभ किंवा शेवट नाही. ‘बिग बँग’ हा शब्दप्रयोग हॉईल यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरील भाषणात प्रथम वापरला. त्या काळी प्रसरणाच्या दरावरून काढलेले विश्वाचे वय पृथ्वीच्या वयापेक्षाही कमी येत असल्याने लमेत्र यांच्या मांडणीवरील आक्षेप सबळ होता. वैश्विक स्थिरांक राखून आणि प्रसरण मध्यंतरी मंदावले असे मानून लमेत्र यांनी ही अडचण सोडवण्याचा प्रयत्न केला.

कोल्हापूर येथे जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे केंब्रिजमध्ये हॉईल यांचे विद्यार्थी होते. १९६० च्या दशकापासून त्यांनी हॉईल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षण आणि स्थिर-स्थिती विश्व यांवर संशोधन केले. १९९३ मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी स्थिर-स्थिती सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. त्यामुळे मराठी वाचकांना या वादाची ओळख बहुधा नारळीकरांच्या लेखनातून झालेली आहे.

इतर संशोधन

१९३३ मध्ये लमेत्र यांनी दाखवले की, श्वार्झशिल्ड त्रिज्येपाशी समीकरणांत दिसणारी विलक्षणता ही निर्देशकांच्या निवडीमुळे उद्भवते. कृष्णविवरांच्या अभ्यासात हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला. मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञ मान्वेल सांदोव्हाल व्हायार्ता यांच्यासोबत त्यांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा विश्वकिरणांवर होणारा परिणाम अभ्यासला. संख्यात्मक गणनेची त्यांना विशेष आवड होती. १९५८ मध्ये लूवाँ विद्यापीठात आलेला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक, बरोझ ई-१०१, त्यांच्या पुढाकाराने आला.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

१९६० मध्ये लमेत्र पोपच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले व मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. १९६४ च्या अखेरीस त्यांना हृदयविकाराचा झटका आला. १९६५ मध्ये आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी लावलेल्या सूक्ष्मतरंगी पार्श्वभूमी प्रारणाच्या शोधामुळे तप्त आरंभाच्या सिद्धांताला भक्कम पुरावा मिळाला. ही बातमी त्यांचे सहकारी ओदों गोदार यांनी रुग्णशय्येवर असलेल्या लमेत्र यांना सांगितली. २० जून १९६६ रोजी लूवाँ येथे त्यांचे निधन झाले.

सन्मान आणि वारसा

लमेत्र यांना १९३४ मध्ये बेल्जियमचा फ्रांकी पुरस्कार आणि १९५३ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे पहिले एडिंग्टन पदक मिळाले. चंद्रावरील एक विवर, १५६५ क्रमांकाचा लघुग्रह आणि युरोपीय अंतराळ संस्थेचे २०१४ मधील मालवाहू यान यांना त्यांचे नाव देण्यात आले. त्यांची कागदपत्रे लूवाँ-ला-नव येथील विद्यापीठाच्या अभिलेखागारात जतन केलेली आहेत.

१९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचे आढळल्यावर, लमेत्र यांनी अखेरपर्यंत न सोडलेला वैश्विक स्थिरांक पुन्हा चर्चेत आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या सदस्यांनी ७८ टक्के मतांनी ‘हबल नियम’ यापुढे ‘हबल-लमेत्र नियम’ या नावाने ओळखावा, अशी शिफारस केली.