इंकांच्या कोठारातील पिसे
अ‍ॅमेझॉनच्या अरण्यात, जेथे वृक्षांचे शेंडे एकमेकांत मिसळून जणू दुसरी भूमीच निर्माण करतात, तेथे फळांवर व कीटकांवर उपजीविका करणारा, हिरव्या मस्तकाचा, निळ्या उदराचा, चिमणीएवढा पॅराडाइज टॅनेजर थव्याने संचार करतो. अँडीज ओलांडून आलेली त्याची इवली पिसे पेरूच्या वृष्टिहीन किनाऱ्यावरील कारागीर देठाशी दुमडून दोऱ्यात गुंफीत आणि त्या माळा सुती वस्त्रावर कौलांसारख्या चढवून शिवीत. या कष्टांपुढे सोनाराची कलाकुसरही मला थिटी वाटते. पुढे इंका अमलात पिसे खंडणीचा जिन्नस ठरली, आणि १५३३ साली इंकांची राजधानी कुझ्को घेणाऱ्या स्पॅनिशांना सरकारी कोठारांत पिसांचे ढीग आढळल्याचे त्यांच्यातलाच इतिवृत्तकार पेद्रो पिझारो नमूद करतो. लुटीतले सोने मुशीत गेले. पिसांची वस्त्रे वाचली ती किनाऱ्याच्या कोरड्या थडग्यांत.